बँकॉकचं तिकीट काढून देताना : परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,

सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, पासपोर्टचे ऑनलाइन अर्ज, अष्टविनायक आणि काशीच्या सहली हे माझं रोजचं काम. त्यात अलीकडे बँकॉकची भर पडली आहे. पूर्वी थायलंडला जायचं म्हणजे तिथल्या विमानतळावर रांगेत उभं राहून 2,000 बाट भरायचे आणि 15 दिवसांचा व्हिसा घ्यायचा, अशी पद्धत होती. 10 नोव्हेंबर 2023 पासून त्यांनी भारतीयांना 30 दिवसांची व्हिसामाफी दिली आणि जुलै 2024 मध्ये ती 60 दिवसांवर नेली. तेव्हापासून द्राक्षाचे पैसे हातात आलेले बागायतदार, खताच्या आणि सिमेंटच्या कंपन्यांनी टार्गेट पूर्ण केलं म्हणून फिरायला पाठवलेले दुकानदार, नवी लग्नं झालेली जोडपी अशी माणसं माझ्याकडे येऊ लागली. ज्यांच्या घरातलं कुणी कधी विमानात बसलं नव्हतं, ती माणसं समुद्र बघून आली. त्याचा मला आनंद आहे. तेव्हा ही सवलत बंद व्हावी असं मी या पत्रात कुठेही म्हणणार नाही.

मला सांगायचंय ते एका मुलाबद्दल. त्याचं तिकीट मीच काढलं होतं.

नोव्हेंबर 2024 मधली गोष्ट. मुलगा बी. कॉम. झालेला, वय चोवीस. वडील साखर कारखान्यात कामाला. मुंबई ते बँकॉक, जायचं आणि यायचं तिकीट, सोबत दोन रात्रींचं हॉटेल. तेसुद्धा पैसे न भरता रद्द करता येईल असंच हवं, म्हणाला. मी विचारलं, एकटाच? तो म्हणाला, मित्र तिथं आहेत काका. मी तिकीट काढून दिलं. त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही, आणि ते मला आजही बोचतं.

त्याला नोकरी ‘लागली’ होती. टेलिग्रामवर ओळख झालेल्या एजंटाने डेटा एंट्रीचं काम, महिन्याला 80 हजार, राहणं-जेवण फुकट असं सांगितलं होतं. व्हिसा लागत नाही, तिथं पोचलास की कंपनी वर्क परमिट काढून देईल, असंही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हे दोन्ही बँकॉकच्या इमिग्रेशनला दाखवण्यापुरतं होतं. विमानतळाबाहेर त्याचा फोटो मोबाइलवर घेऊन एक ड्रायव्हर उभा होता. ऑफिस शहराबाहेर आहे, एवढंच त्याला कळलं. गाडी सात-आठ तास चालली, मध्ये दोनदा बदलली. रात्री एका नदीकाठी उतरवून होडीत बसवलं. दोन मिनिटांत पलीकडचा काठ आला. तिथं फोन पाहिला तर घड्याळ अर्धा तास मागे गेलेलं. मुलाने मला सांगितलं, काका, तेव्हा कळलं की देश बदलला.

आपल्याला हा भूगोल सांगायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या आईबापांसाठी लिहितो. थायलंडच्या ताक प्रांतात, बँकॉकपासून सुमारे 500 किलोमीटरवर मे सोत हे गाव आहे. त्याच्या अंगाला मोई नदी वाहते आणि नदीपल्याड म्यानमारमधलं म्यावाडी. नदी अरुंद आहे. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि यादवी पेटली. या सीमेवर सशस्त्र गटांचा अंमल चालतो आणि त्यांच्या आश्रयाने उंच भिंतींच्या आतल्या वसाहती उभ्या राहिल्या. केके पार्क हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव. आत डांबलेल्या मुलांकडून खोटी प्रोफाइल्स उघडून जगभरातल्या माणसांना फसवण्याचं काम करून घेतात. दिवसाचं टार्गेट चुकलं की मार, विजेचा शॉक, उपाशी ठेवणं. सुटायचं असेल तर लाखो रुपये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 च्या अहवालात अशा कामाला जुंपलेल्यांचा अंदाज दिला होता : म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख.

या मुलाचे घरी मेसेज यायचे. ‘आय ॲम फाइन पापा, वर्क इज गुड.’ त्याचे वडील फोन घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “हा मला आण्णा म्हणतो हो. जन्मात कधी पापा म्हणाला नाही.” फोन मुलाच्या हातात नाही, हे त्या माणसाला एका शब्दावरून समजलं होतं. आम्ही पोलिस ठाण्यात गेलो. तिथं ऐकायला मिळालं, मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पासपोर्टवर स्वतःहून गेलाय, त्यात गुन्हा काय नोंदवायचा? मग माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून आम्ही आपल्या मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार भरली. ठिकाणाच्या रकान्यात काय लिहायचं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तो परत आला, हे आधी सांगायला हवं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये थायलंडने सीमेपलीकडच्या या भागांची वीज तोडली, दबाव वाढला आणि हजारो माणसं बाहेर काढली गेली. 10 आणि 11 मार्चला हवाई दलाच्या दोन विमानांनी मे सोतहून 549 भारतीयांना मायदेशी आणलं. त्यात आमच्या गावचा एक होता. यासाठी आपले, बँकॉक आणि यांगून इथल्या दूतावासांचे आणि त्या वैमानिकांचे आभार मानतो. त्याची आई रोज संध्याकाळी दिवा लावताना तुमच्या खात्याचं नाव घेते, हे अक्षरशः खरं आहे.

पण हे तिथं थांबलं नाही. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून 60 हून अधिक जणांची सुटका झाल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये केके पार्कवर छापे पडले, पुन्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून मे सोतला पळाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हवाई दलाची विमानं पुन्हा तिथं पाठवावी लागली. मार्चमध्ये 549 जण सुटून आल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या, आणि तरीही आणखी शेकडो मुलं तिथं अडकलेली निघाली. हेच मला झोपू देत नाही.

आपल्या मंत्रालयाने इशारा दिला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. 24 सप्टेंबर 2022 च्या सूचनेत सगळं होतं. ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ या नावाने नोकऱ्यांचं आमिष दाखवतात, थायलंडला बोलावून म्यानमारमध्ये नेतात, हे स्पष्ट लिहिलं होतं. व्हिसामाफी पर्यटनासाठी आणि छोट्या व्यावसायिक कामासाठी आहे, नोकरीसाठी नाही, हेही दूतावासाने वारंवार सांगितलंय. मात्र ती सूचना मी पहिल्यांदा वाचली ती मुलगा अडकल्यानंतर. मी तिकिटांचा धंदा करतो, आणि तरी ती माझ्यापर्यंत आली नव्हती. एजंटाची मराठीतली जाहिरात मात्र मुलाच्या मोबाइलवर रोज येत होती.

आता कायद्याबद्दल. 1983 चा उत्प्रवासन कायदा, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठीचा कायदा, आखातात गवंडी, सुतार, मोलकरीण म्हणून जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी हवी, असा शेरा) छापतात आणि ठरलेल्या 18 देशांत नोकरीला जाताना त्याला परवानगी लागते. त्या यादीत थायलंड आहे. म्यानमार, लाओस, कंबोडिया नाहीत. दहावी झालेल्याला तर कुणी काही विचारतच नाही, कारण शिकलेला माणूस फसत नाही असं तेव्हा धरलं गेलं. आज नेमका तोच सावज झालाय. या टोळ्यांना इंग्रजी टाइप करणारा, कॉम्प्युटर येणारा पोरगा हवा असतो. शिवाय तो पर्यटक म्हणून निघतो, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो नोकरीला चाललेलाच नसतो. आणि नोंदणी नसताना माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला या कायद्यात शिक्षा काय, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. त्या मुलाकडून एजंटाने नुसते ‘प्रोसेसिंग’चे म्हणून 60 हजार घेतले होते. नोंदणीकृत एजंटालासुद्धा 30 हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, हे त्या घरात कुणाला माहीत असणार?

ऑक्टोबर 2025 मध्ये आपण या कायद्याची जागा घेणाऱ्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केलात. माझं म्हणणं त्याच संदर्भात ऐकावं. शिक्षा वाढवा, ती वाढलीच पाहिजे. पण मुलगा निघण्याआधी सरकार त्याला नेमकं कुठे भेटतं, याचाही विचार व्हावा.

ते भेटतं, आणि तीनदा भेटतं. पहिल्यांदा पासपोर्टच्या अर्जाच्या वेळी. 2017 पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, त्यामुळे आता त्याला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. दुसऱ्यांदा पोलिस पडताळणीला. गावातला हवालदार त्याचे कागद बघतो, सही घेतो. ही भेट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण समोरासमोर, मराठीत बोलणारा सरकारी माणूस त्याला पुन्हा मिळणार नाही. त्या दहा मिनिटांत हवालदाराने एवढंच विचारावं : कशासाठी काढतोयस? नोकरीला चालला असशील तर एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघितलास का? आणि हातात मराठीतलं एक पान द्यावं. पासपोर्ट अडवू नये, फक्त विचारावं. वडील सोबत असतील तर त्यांच्यासमोर विचारावं, कारण आमच्याकडे मुलं घरी अर्धंच सांगतात.

तिसरी भेट विमानतळावरच्या इमिग्रेशनला. इथं मला भीती वेगळी आहे. कडक करा म्हटलं की गावाकडून पहिल्यांदा निघालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या प्रत्येक माणसाला संशयित समजून बाजूला काढलं जाईल. माझ्या एका गिऱ्हाइकाला, साठीच्या शेतकऱ्याला, अशी वागणूक मिळाली आहे. तो पुन्हा परदेशी जायचं नाव काढत नाही. म्हणून विनंती अशी की, एकट्याने निघालेल्या तरुणाला बाजूला घेऊन त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारं कुणीतरी तिथं असावं. मुंबईच्या विमानतळावर मराठी बोलणारं माणूस मिळणं अवघड नाही.

हवालदाराने द्यायच्या त्या मराठी पानावर फिरायला जाणाऱ्यांसाठीही चार ओळी असाव्यात. 1 मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, तरी त्याचे पैसे घेणाऱ्या बनावट वेबसाइट आहेत. मुक्काम मुदतीपेक्षा लांबला तर दिवसाला 500 बाट दंड. ई-सिगारेट नेऊ नये. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याशिवाय स्कूटर भाड्याने घेऊ नये, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155.

आणि परत येताना कुणाचीही बॅग आणू नये. हे मोठ्या अक्षरांत लिहा. फुकट तिकीट आणि वर खर्चायला पैसे देऊन मुलांच्या हाती बॅग सोपवतात आणि मुंबईत कस्टम्सवाले त्यातून हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यात वाढवलेला) गांजा काढतात. तिकडे जून 2022 मध्ये गांजावरची बंदी उठली होती, म्हणून मुलांना त्यात विशेष काही वाटत नाही. आपल्याकडे 20 किलोच्या वर सापडला तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी. बॅग देणारा सापडत नाही. पोराचं आयुष्य जातं.

परतलेल्यांबद्दलही एक मागणं आहे. त्यांतले काही जाणूनबुजून गेले असतील, फसवणुकीत कमिशन घेतलं असेल. त्यांची चौकशी व्हावी. पण आमचा मुलगा परत आल्यावर नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला, “किती कमावलंस?” तो चार महिने घराबाहेर पडला नाही. अशा मुलांना एकदा नीट बोलतं केलं, तर त्यांना पाठवणाऱ्या एजंटांची साखळी तालुक्यापर्यंत उलगडता येईल. तो मुलगा नाव सांगायला तयार आहे. ऐकून घेणारा अधिकारी त्याला अजून भेटलेला नाही.

माझ्या दुकानात मी एक पाटी लावली आहे. वर लिहिलंय : ‘व्हिसा लागत नाही म्हणजे नोकरी करता येते असं नाही.’ मजकूर त्या मुलानेच सांगितला, अक्षर त्याच्या वडिलांचं. आपल्या खात्याला हवा असेल तर तो आनंदाने पाठवीन, दुरुस्त्या आपण करा.

येत्या सोमवारी माझ्याकडून पाच जण बँकॉकला निघालेत. चौघं सिमेंटवाल्यांच्या सहलीतले. पाचवा एकटा आहे, पंचविशीचा. उद्या सकाळी तो पासपोर्टची झेरॉक्स द्यायला येईल, तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवून विचारणार आहे.

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातला एक ट्रॅव्हल्सवाला