जुन्या बोट-मोटारीची किंमत काट्यावर ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की तलावांवर काम करणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था आणि नौकाविहाराचे ठेकेदार निकामी सामान काढतात. त्यात बोटीच्या मागे लावायची जुनी आऊटबोर्ड मोटार असेल, तर माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा मोडक्या लोखंडी खाटा आणि गंजलेल्या पत्र्यांबरोबरच कबाड्याच्या काट्यावर चढते. नागपुरात राहून मी वर्षानुवर्षे दुचाकी आणि शेतीपंपांच्या इंजिनांची दुरुस्ती करीत आलो आहे. खिंडसी तलावापासून गोसीखुर्द धरणापर्यंतच्या बोटींची यंत्रेही माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो की हा व्यवहार संस्थांच्या आणि पर्यायाने धिवर बांधवांच्या तोट्याचा आहे.

किंमत ठरविण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली वजनाची. २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक यंत्र साधारण ५० किलोचे भरते, त्यातील मोठा भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि कबाडी त्याचाच हिशेब करतो. दुसरी रीत हिशेबवहीची. घटत्या किमतीवर दरसाल १५ टक्के घसारा धरला, तर १ लाख रुपयांचे यंत्र २० वर्षांनी वहीत ३,९०० रुपयांच्याही खाली येते आणि त्याहून चार पैसे जास्त मिळाले की सौदा चांगला झाला असे कार्यकारिणीला वाटते. वास्तविक वर्षातून मोजके महिने चाललेले आणि नीट धुऊन ठेवलेले वीस वर्षांचे यंत्र, रोज राबवलेल्या पाच वर्षांच्या यंत्रापेक्षा सरस निघू शकते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. यंत्र विकताना मात्र झाकणसुद्धा उघडत नाही.

पहिली गोष्ट ओळख पटविण्याची. बोटीच्या फळीवर अडकवायच्या पकडीवर एक लहान पट्टी असते, तिच्यावर मॉडेल व अनुक्रमांक कोरलेला असतो. ती पट्टी रंगाखाली दडलेली असेल तर थिनरच्या बोळ्याने हलकेच पुसावी, खरवडू नये. जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकी यंत्रांचे १९८० पासूनचे उत्पादनवर्ष मॉडेल क्रमांकातच सांकेतिक अक्षरांत लपलेले असते. आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही दहा अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य असे आकडे दर्शवितात, आणि शेवटच्या अक्षराच्या आधीची दोन अक्षरे वर्ष सांगतात. तेथे ‘सीई’ असेल तर यंत्र १९८९ चे. वर्ष कळणे महत्त्वाचे, कारण त्यावरच सुटे भाग मिळतील की नाही हे अवलंबून असते. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये कायमचे थांबले, तर कोकण किनाऱ्यावर सर्रास चालणाऱ्या यामाहाच्या यंत्रांचे भाग तुलनेने सहज मिळतात. सारख्याच अवस्थेतील दोन यंत्रांच्या किमतीत एवढ्या एका कारणाने मोठा फरक पडतो. शाफ्टची, म्हणजे खालच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबीही नोंदवावी. १५ इंची आखूड शाफ्ट आपल्या उथळ डोंग्यांना बसतो. २० इंची लांब शाफ्टला इथे गिऱ्हाईक कमी, किनाऱ्याकडे जास्त.

त्यानंतर गिअरचे तेल. माझ्या मते सर्वांत जास्त बोलणारी खूण हीच. यंत्र रात्रभर उभे ठेवावे, सकाळी खालच्या गिअरपेटीचा तळाचा स्क्रू सावकाश सैल करावा आणि पहिले काही थेंब पांढऱ्या वाटीत धरावेत. तेल गडद पण स्वच्छ असेल तर चिंता नाही. ते दुधाळ चहासारखे दिसले, किंवा तेलाआधी पाणीच आले, तर पाणी आत येऊ न देणारे सील गेले आहे. नुसते सील बदलणे फार खर्चाचे नसते, पण त्या पाण्यासह यंत्र बरेच दिवस चालले असेल तर बेअरिंग आणि गिअर गंजलेले निघतात. तेल बोटांत चोळून पाहावे: बारीक करडा लेप चालतो, पण धातूचे कण टोचले तर गिअरपेटीचा खर्च किमतीतून वजा धरावाच लागेल.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. दुचाकी मेकॅनिककडचा गेज, प्लगच्या आट्यांना बसत असेल तर, इथेही चालतो. प्लग काढून त्यांच्या वायरी बॉडीला टेकवाव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. मूळ आकडा मॉडेलनुसार बदलतो, म्हणून दोन सिलिंडरांतील तफावत पाहावी. ती १० टक्क्यांच्या आत असेल तर यंत्राचा जीव शाबूत आहे असे समजावे. मगच ते पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये, पंखा काढून, सुरू करावे. पाण्याविना चालवून दाखविण्याचा आग्रह कुणी धरला तर त्याला साफ नकार द्यावा, कारण कोरडा चालला तर थंडाव्याचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (फिरते चक्र) पाहता पाहता जळतो. सुरू होताच मागच्या छिद्रातून पाण्याची धार पडली पाहिजे.

एवढे झाले की किंमत काढता येते. तशाच शक्तीच्या नव्या यंत्राचा आजचा भाव ही वरची मर्यादा, आणि गिअरपेटी, कार्ब्युरेटर, इग्निशन कॉइल असे सुटे विकून येईल ती रक्कम ही खालची. काट्यावरचा भाव बहुधा या खालच्या मर्यादेलाही पोचत नाही. मोबाइलवरच्या जाहिरातींतील आकडे हे मागितलेले भाव असतात, झालेल्या सौद्यांचे नव्हेत, म्हणून त्यांवर विसंबू नये. प्रत्यक्ष यंत्र विकलेल्या माणसाला विचारावे.

आणि एक गोष्ट आपल्या भागातील विक्रेते कधीच सांगत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. आपली यंत्रे गोड्या पाण्यात चालली आहेत. खाऱ्या पाण्याने थंडाव्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात, त्यांत मीठ साचते, बोल्ट जाम होऊन खोलताना तुटतात. विदर्भातील तलावावर चाललेल्या यंत्राला हा रोग नसतो आणि किनाऱ्यावरचा जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार असतो. मी पाहिलेले एका संस्थेचे यंत्र कबाड्याने वजनावर उचलले, कार्ब्युरेटर साफ करून नवा इम्पेलर घातला आणि कित्येक पटींनी विकले. संस्थेच्या सभासदांना त्यातला एक पैसाही मिळाला नाही.

हीच यंत्रे पूरबचावाच्या बोटींनाही लागतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा बोटींचे मोल नागपूरकरांनी पाहिले आहे. म्हणून चालू स्थितीतील यंत्र मोडीत जाणे मला अधिकच सलते.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाने आणि सहकार खात्याने संस्थांना एवढेच बंधनकारक करावे की लिलावापूर्वी यंत्राची तपासणी शासकीय आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागाकडून किंवा अनुभवी मेकॅनिककडून लेखी करून घ्यावी. मॉडेल क्रमांक, शाफ्टची लांबी, दोन्ही सिलिंडरांचे कम्प्रेशन, गिअर तेलाची अवस्था, गोड्या पाण्यातील वापर आणि मूळ खरेदीचे बिल उपलब्ध आहे की नाही, हे सारे लिलावाच्या सूचनेत छापावे. बिलाचा उल्लेख विशेष गरजेचा आहे, कारण सहज उचलून नेता येणारे हे यंत्र चोरीचे नाही याची खात्री झाल्याशिवाय बाहेरगावचा प्रामाणिक ग्राहक बोली लावत नाही.

आपला विश्वासू,
एक इंजिन मेकॅनिक, नागपूर