वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या सलूनवाल्या काकांना

काका,

समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "जा रे, तुका काय काम नाय काय" म्हणून हाकलता, म्हणून इथे चारचौघांत लिहितोय. तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीय, पण तुमचा मुलगा दिवसभर मोबाईलमध्येच असतो, तो वाचून दाखवेल, आणि तुम्ही गिऱ्हाईकाच्या डोक्यावरची नजर न काढता नुसतं हां हां करणार.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. माझी दाढी कुरळी, आणि मानेवर जिथे कॉलर घासते तिथे बारा महिने लाल फोड. मे महिन्यात आपल्याकडचा घाम त्यात उतरला की रात्री झोप नाही. ह्यासाठी मी एका मोठ्या स्किन क्लिनिकमध्ये गेलो होतो, तिथे एक क्रीम दिलं, मग ते चालेना म्हणून दुसरं महागातलं दिलं, पण दाढी कशाने करता हे एका माणसाने विचारलं नाही. मॉलमधल्या काउंटरवरच्या पोराने तर कमालच केली, तीन ब्लेडवाल्याने फोड येतात म्हटलं तर म्हणतो सर मग पाच ब्लेडवालं घ्या. अरे बाबा, त्या कार्ट्रिजमध्ये पहिलं ब्लेड केस जरासा वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आत मागचं ब्लेड कापतं, म्हणून तर गाल एवढा गुळगुळीत लागतो. सरळ केसवाल्याला त्याचा काही त्रास नाही. पण कुरळ्या केसाचं टोक कातडीच्या आत राहिलं की तो बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आतच वळतो, आणि मग फोड. हे सगळं मला फार उशिरा कळलं, आणि ज्यांनी माझ्याकडून पैसे घेतले त्यांच्यातल्या कोणाकडून कळलं नाही.

म्हणून ठरवलं, एकच ब्लेड, तुमच्यासारखा वस्तरा, स्वतःच्या हाताने. तर ज्या दुकानातून वस्तरा घेतला त्याने तो पिशवीत टाकला आणि सुट्टे द्या म्हणाला. ह्यात ब्लेड अर्धं मोडून लागतं एवढं सांगायला काय जात होतं त्याचं? रत्नागिरीत नोकरीच्या ठिकाणी एका एसी सलूनमध्ये विचारलं की मला धरायला शिकवाल का, पैसे देतो. तिथली दोन्ही पोरं हसली, आणि मालक म्हणाला साहेब हे तुमचं काम नाही, दर चार दिवसांनी या, आम्ही बसलोय ना. धंदा आहे, समजतं मला. पण हसायची काय गरज होती ते अजून समजलेलं नाही.

आणि मग तुम्ही. मी घरी आलो होतो, बाहेर धो धो पाऊस, दुकानात कोणी नाही. मी पिशवीतून वस्तरा काढला तर तुम्ही तो हातात घेऊन उघडझाप केलीत, बिजागरी ढिली आहे का बघितलीत, आणि वस्तऱ्याबद्दल एक शब्द न बोलता माझी मान उजेडाकडे वळवलीत. अंगठा उलटा फिरवलात, मग सुलटा, मग आडवा. "हय केस खाली नाय, कानाकडे जातत." बस एवढंच. क्लिनिकमध्ये लाईटवालं भिंग होतं काका, तुमच्याकडे अंगठा होता.

नंतर ते ब्लेड मोडणं. पाकिटातून ब्लेड काढलंत, कागद न उघडता लांबीला दुमडलंत आणि कट् करून आवाज आला, कागद सोडला तर आत दोन सारखे तुकडे. मी ते बघतच राहिलो, दोनचार रुपयांचं ब्लेड आणि त्यात दोन दाढ्या. ही पातळ दुधारी ब्लेडं जिलेटच्या रेझरमुळे जगभर गेली, १९०४ चं अमेरिकन पेटंट आहे त्याचं, आणि तेच ब्लेड अर्धं होऊन आपल्या बाजारात वस्तऱ्यात बसलंय. तुम्ही सांगत होतात की तुमच्या वडिलांच्या हातात घडीचा पोलादी वस्तरा असायचा, तो पट्ट्यावर परजण्यातच अर्धी सकाळ जायची, आणि तो जड असल्यामुळे सांभाळून पण घ्यायचा. हा ब्लेडवाला हलका आणि जास्त धारदार, वर दोन्ही टोकं उघडी, त्यामुळे कापतं ते बहुतेक टोकानेच. हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही, तिथे नुसतं मागे म्युझिक आणि पुढे पिळदार मिशीवाला.

आता मुद्द्याचं. पद्धत वगैरे मी इथे लिहीत नाही, ज्याला शिकायचंय त्याने तुमच्यासारखा कोणी शोधावा, पहिल्या दिवशी हनुवटीला जाऊ नये आणि दाबू नये एवढंच सांगतो. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. आधी बिनब्लेडचा वस्तरा माझ्याकडून माझ्याच गालावर फिरवून घेतलात, ते ठीक होतं. मग ब्लेड घातलंत आणि माझा हात थरथरायला लागला, तुम्हाला दिसला, मला पण दिसला, आरशात तर दोघांना दिसला. मला वाटलं आता म्हणणार, राहू दे, नंतर बघू. तुम्ही पंखा बंद केलात, कारण वाऱ्याने फेस सुकतो. मग ब्रशने स्वतःच्याच गालाला फेस लावलात, मला खुर्चीतून उठवलंत आणि तुम्ही बसलात. तुमच्या दुकानात, तुमच्या खुर्चीत, जिथे तुम्हाला बसलेलं कोणी बघितलं नसेल. मान मागे टाकलीत आणि डोळे मिटलेत.

"घाबरतंस कित्याक? गाल माझो आसा, कापलो तर माझो कापतलो. दाबू नको, वस्तऱ्याचा वजनच पुरे."

काका, मी बावीस वर्षांचा असताना बापाने गाडीची चावी हातात दिली होती तेव्हा तो बाजूला बसून हॅन्डब्रेकवर हात ठेवून होता. तुम्ही तर डोळे मिटलेत. तुमच्या कानाजवळचे दोन पांढरे केस आणि त्याच्या खाली कातडी कशी सैल पडलीय ते मी एवढ्या जवळून बघत होतो, आणि डाव्या हाताने ती वर ताणली तर तुम्ही डोळे न उघडता "हां, आता" म्हणालात. वस्तरा फिरला तो आवाज अजून कानात आहे, बारीक करकर, तो आवाज आला म्हणजे कोन बरोबर आहे हे पण तुम्हीच सांगितलंत, खुर्चीत पडल्या पडल्या. त्या गालाला एकही ओरखडा आला नाही. आला असता तरी तुम्ही तुरटी लावून गप्प बसला असतात ह्याची मला खात्री आहे, आणि तेच डोक्यातून जात नाहीये. ज्यांना मी पैसे देत होतो त्यांना माझ्यासाठी दोन मिनिटं नव्हती, आणि तुम्ही गळा दिलात राव.

अजून एक गोष्ट बघून ठेवलीय, ती पण लिहितो. तुमच्या कपाटाच्या खाली पावडरचा जुना डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली, वापरलेलं प्रत्येक ब्लेड त्यात जातं. मी विचारलं तर म्हणालात कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापता, तिका कोण बघता. गिऱ्हाईकासमोर नवीन ब्लेड काढणं आता सगळेच करतात, १९८६ साली देशात एड्स सापडला आणि त्यानंतरच्या वर्षांत लोक विचारायला लागले, तेव्हा सगळ्यांना करावंच लागलं. पण त्या डब्याबद्दल तुम्हाला कोणी विचारलेलं नाही, कोणी विचारणार पण नाही. आपल्याकडे मोठमोठे बोर्ड लावून सेवा देणारे पुष्कळ झालेत, फीडबॅकचे मेसेज पण येतात रोज, पाच स्टार द्या म्हणून. चांगुलपणा मात्र बहुतेक वेळा अशाच ठिकाणी भेटतो जिथे रेट कार्ड पण धड लावलेलं नसतं.

मान आता बरीच बरी आहे. एकदोन जुने फोड आहेत, ते जातायत हळूहळू. आई पहिल्या दिवशी बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती, आता चहा टाकते आणि विचारते झाली काय रे. ब्लेड रोज काढून वस्तरा कोरडा पुसतो, बिजागरीला खोबरेल तेलाचा थेंब, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत आठवड्यात गंजला असता.

तुमच्याकडचा तुरटीचा खडा अगदी झिजलाय, मी रत्नागिरीहून मोठा घेऊन ठेवलाय. चतुर्थीच्या आधी तुमच्याकडे चाकरमान्यांची रांग रस्त्यापर्यंत येणार, त्यात मी मध्ये घुसत नाही, गणपती पोचवून झाले की येतो. वरचा ओठ अजून जमत नाही, नाकाखाली वस्तरा नेला की हात थांबतो, ते दाखवा. आणि ह्या वेळी पैसे घ्यायचे, "जा रे" चालणार नाही.

तुमचा,
पावसातला तो वस्तरेवाला