रिमोट उघडता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीच्या ‘कस्टम’, म्हणजे हवे तसे बनवून घेतलेल्या, कंट्रोलरवर (आपल्याकडच्या भाषेत गेमच्या रिमोटवर) पानभर लेख आला. फोटो झकास होते. एक राखाडी, काळ्या पट्टीचा, दोन लाल बटणांचा. एक चाररंगी बटणांचा. एक आरपार दिसणाऱ्या जांभळ्या प्लास्टिकचा. कोणाला भेट द्यावा, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये कसा मांडावा, हेही होतं. तो बिघडला तर उघडायचा कसा, याबद्दल मात्र एक ओळ नाही. हे पत्र त्या राहिलेल्या ओळीसाठी. जागेअभावी कापावं लागलं तर माझा परिचय कापा, स्क्रूंचा मजकूर राहू द्या.

परिचय असा. नव्वदच्या दशकात पार्ल्यात आमची लायब्ररी होती. मासिकं, दिवाळी अंक, आणि एका कपाटात व्हिडिओ गेमच्या कॅसेट. प्रतिष्ठा दिवाळी अंकांमुळे होती, पण मे महिन्याचा किराणा कॅसेटच्या भाड्यातून यायचा. रिमोटही भाड्याने द्यायचो. ते परत यायचे ते हमखास काहीतरी बिघडून, आणि आणणारा पोरगा शपथेवर सांगायचा की “काकू, आधीपासूनच असा होता”. दरवेळी मेकॅनिककडे धाडणं परवडेना, म्हणून मीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. यजमानांचा या खात्याशी संबंध नव्हता, ते काव्यसंग्रहांचं कपाट सांभाळत. लायब्ररी गेली, सवय राहिली. आता भाचा आणि मी मिळून लोकांचे कंट्रोलर दुरुस्त करतो, हौशी गिऱ्हाइकांना जुन्या रूपाचे करूनही देतो. तेव्हा या विषयात माझा थोडाफार स्वार्थ आहे, हे वाचकांना आधीच कळलेलं बरं.

लेखात ‘आपल्या सर्वांच्या बालपणीचा राखाडी कंट्रोलर’ म्हटलंय. कोणाच्या बालपणीचा? राखाडी तो अमेरिकेतला. निंटेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हा गेमचा सेट काढला तो पांढरा आणि मरून. १९८५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात उतरवताना त्याला राखाडी केलं. ‘सामुराई’ या नावाने निंटेंडोच्या परवान्याचं यंत्र आपल्याकडेही विकलं गेलं, पण घरोघरी पोचली ती नकली यंत्रं, आणि त्यांनी नक्कल उचलली जपानी यंत्राची. म्हणून तर आपल्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. म्हणूनच आपल्याकडच्या कितीतरी सेटमध्ये दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नसायचं. जपानी यंत्रात दुसऱ्या रिमोटवर त्यांच्याऐवजी छोटा मायक्रोफोन होता. नक्कल करणाऱ्यांनी मायक्रोफोन गाळला, बटणंही दिली नाहीत. पॉज करण्याचा अधिकार त्यामुळे कायम पहिल्या रिमोटवाल्याकडे, म्हणजे थोरल्याकडे. धाकटे आमच्या काउंटरवर येऊन “काकू, दोन्हीकडे स्टार्ट असलेला सेट आहे का?” असं विचारायचे. ते धाकटे आता चाळिशीत आहेत आणि माझ्याकडून हौसेने दुसऱ्या रिमोटला स्टार्ट बसवून घेतात.

जुने सेट सध्या पुष्कळ हाती येतात, याचं श्रेय पुनर्विकासाला. पार्ल्यात ज्या गल्लीत बघावं तिथे एखादी इमारत हिरव्या जाळीआड उभी. जागा रिकामी करायची म्हणजे माळा रिकामा करायचा, आणि माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागे, सतरंजीत गुंडाळलेला व्हिडिओ गेम सापडतोच. प्लास्टिक पिवळं पडलेलं, वायर कडक झालेली. तरी पोटात जीव असतो.

आता स्क्रू. जुना रिमोट पालथा घातला की फुलीचे साधे स्क्रू दिसतात. घरातल्या कुठल्याही ड्रायव्हरने निघतात. झाकण उचललं की आत एक छोटा बोर्ड, त्यावर कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत घुसलेल्या काळ्या रेघा, आणि त्यावर रबराचे फुगवटे. प्रत्येक फुगवट्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली रेघांवर टेकते, सर्किट पूर्ण होतं. बस्स, एवढंच यंत्र. मूळ निंटेंडोच्या रिमोटमध्ये एकच चिप आहे, ४०२१ नंबरची. चार दिशा, सिलेक्ट, स्टार्ट, ए आणि बी अशी आठ बटणं. ही चिप आठांची हजेरी एकदम घेते आणि एकाच तारेवरून एकामागून एक पुढे पाठवते. चिप निंटेंडोने मुद्दाम घडवलेली नव्हे, सर्वसाधारण बाजारातली. लॅमिंग्टन रोडवर आजही मागा, किरकोळ पैशात मिळेल. नकली रिमोटमध्ये तिच्या जागी काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो. तो गेला की बोर्ड गेला, पण तो क्वचितच जातो.

जातं काय? आधी वायर, रिमोटच्या तोंडाशी, कारण पोरं वायर धरून रिमोट गरगर फिरवतात. ती तिथे कापायची, सोलायची, पुन्हा सोल्डरचा डाग द्यायचा. दुसरी, उजव्या बाणाखालची टिकली. मारिओ बिचारा उजवीकडेच धावतो, त्यामुळे डाव्या बाणाची टिकली कोरी करकरीत आणि उजवीची पार पांढरी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहायचं, नाहीच जमलं तर ६बी पेन्सिलीचं शिसं घासायचं. ते फार टिकत नाही. टिकाऊ उपाय म्हणजे सिलेक्टखालची टिकली अलगद सोलून उजव्या बाणाखाली चिकटवणं. सिलेक्ट कोण दाबतंय! असे टिकल्या बदललेले रिमोट आमच्या लायब्ररीतून वर्षानुवर्षं फिरले.

त्या फुलीच्या बाणाचंही कौतुक करायला हवं. निंटेंडोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ च्या एका खिशातल्या गेमसाठी तो योजला. मधोमध टेकू असल्याने डावं आणि उजवं एकदम दाबलंच जात नाही. हल्लीच्या स्वस्त ‘रेट्रो’ मालात नेमका हा टेकू आखूड असतो आणि अंगठ्याला सगळं लिबलिबीत लागतं.

एवढं सांगायचं कारण, आपल्या लेखातला देखणा माल आतून याच्या अगदी उलट असू शकतो. बाहेरून १९९० च्या सुपर फॅमिकॉमचा (फॅमिकॉमनंतरच्या सेटचा) रिमोट, आत मात्र एकदा बंद केलेली डबी. कडा फक्त खटक्यांवर बसवलेल्या, काही ठिकाणी चक्क चिकटवलेल्या. उघडायला गेलं की खटका तुटतो आणि मग विक्रेता म्हणतो, तुम्हीच तोडलात. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. अंगठ्याखालचा दांडा तर सगळ्यांत नाजूक. त्याच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवर पत्र्याची जीभ घासत फिरते, पट्टी झिजते, आणि मग अंगठा लावला नसतानाही पडद्यावरचा गडी आपोआप डावीकडे चालू लागतो. पोरं याला ड्रिफ्ट म्हणतात. हा रोग लहानमोठ्या सगळ्यांना आहे. निंटेंडोच्या अध्यक्षांना २०२० मध्ये जॉय-कॉन या आपल्या कंट्रोलरच्या तक्रारींवरून भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. दांडा बदलायचा तर बोर्डावरचे चौदा डाग एकेक करून शोषून काढावे लागतात. माझा भाचा करतो, मी शेजारी श्वास रोखून बसते. घरी कुणी करून पाहू नये.

याला पर्याय आहे. चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबकाला न शिवता त्याची हालचाल ओळखणारा भाग) असलेला दांडा घ्यायचा. त्यात घासणारं काही नाही, म्हणून झीजही नाही. विक्रेते हे नव्या युगाचं तंत्र म्हणून मिरवतात. प्रत्यक्षात सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट सेटच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं! जुन्याची नक्कल करायची एवढीच हौस असेल, तर ही करा ना. रंग उचलता, बटणांचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून उचलता, आणि ज्यामुळे वस्तू टिकली तेवढं सोडून देता.

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. पहिल्या फॅमिकॉमची चौकोनी रबरी बटणं अडकायची, निंटेंडोला ती बदलून गोल करावी लागली. १९९६ च्या निंटेंडो ६४ चा दांडा स्वतःचंच प्लास्टिक दळून पांढरी भुकटी करतो. आणि फॅमिकॉमचा तो चौकोनी रिमोट तासभर धरला की कोपरे तळव्यात रुततात. माझ्या वयाला तर फारच. गोलाकार टोकांचा सुपर फॅमिकॉमचा आकार हाताला जास्त मायाळू. गिऱ्हाईक चौकोनीच हवा म्हणून हटून बसलं तर मी कडा पॉलिश पेपरने किंचित मारून देते. फोटोत कळत नाही.

रंगाबद्दल लेखात बरंच होतं, पण मुंबईच्या हवेबद्दल नव्हतं. पावसाळ्यात स्प्रेचा लॅकर मारला की दमट हवेने तो पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर आम्ही रंगाचं काम घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे मखमली स्पर्शाचा रबरी लेप. ओल शोषून तो विरघळू लागतो. एक मुलगा ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव देत नाही) घेतलेला महागडा, मरून रंगाचा कंट्रोलर घेऊन आला. दोन पावसाळ्यांत त्याला फणसाच्या चिकासारखी चिकटी सुटली होती. विक्रेत्याचं उत्तर होतं की वॉरंटी आतल्या बिघाडाला आहे, बाहेरच्या रंगाला नाही. अल्कोहोलने सगळा लेप काढला, खालून साधं काळं प्लास्टिक निघालं. पैसे त्याने लेपाचेच मोजले होते.

पिवळं प्लास्टिक पुन्हा पांढरं करता येतं का, हे मला इतक्यांदा विचारतात की इथेच लिहून टाकते. येतं. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेल्या ब्रोमीनच्या रसायनामुळे ते पिवळं पडतं असं म्हणतात. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात केसांच्या रंगासाठी ‘४० व्हॉल्यूम’ डेव्हलपर क्रीम मिळतं. त्यात १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हातमोजे घालून फक्त सुट्या कवचाला लावायचं, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, गॅलरीत उन्हात ठेवायचं आणि मधूनमधून फिरवत राहायचं. क्रीम सुकलं की डाग पडतात आणि ते जात नाहीत. पिवळेपणा पुढे हळूहळू परत येतो, हेही ऐकून ठेवा. गंमत म्हणजे, एक गिऱ्हाईक पिवळेपणा काढून मागतं आणि दुसरं नव्या पांढऱ्या कवचावर तो चढवून मागतं. दोघांचेही पैसे घेते.

मोठ्या कंपन्यांनाही या हौसेची नाडी सापडलेली आहे. सोनीने प्लेस्टेशनच्या विसाव्या वर्षी, २०१४ मध्ये, जुन्या राखाडी रंगाचे १२,३०० सेट काढले. तिसाव्या वर्षी, २०२४ मध्ये, पुन्हा तोच राखाडी. मायक्रोसॉफ्ट २०१६ पासून गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या रंगांत कंट्रोलर करून देते. चांगलं आहे. पण याच सोनीने जानेवारी २०२३ मध्ये एक महाग कंट्रोलर आणला, त्यातला दांडा सुटा निघतो आणि बदलता येतो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने परदेशात आपल्या कंट्रोलरचे सुटे भाग विकायला काढले. म्हणजे जमतं. मग साध्या कंट्रोलरमध्ये, पार्ल्यातल्या गिऱ्हाइकासाठी, का जमू नये? मला बाजारात सुटा दांडा मिळतो तो बिननावाच्या पुडीत, आणि दहातले दोन मुळातच वाकडे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंट्रोलर ही इलेक्ट्रॉनिक वस्तूच. तेव्हा आपल्या ग्राहक सदराच्या बातमीदाराने कंपन्यांना सरळ प्रश्न टाकावा की दांडा, बॅटरी आणि रबर हे तीन भाग भारतात सुटे देणार का, आणि कितीला? उत्तर काय येतं ते छापा. उत्तर आलं नाही तर तेही छापा.

आणि दिवाळीच्या भेटीसाठी कोणी असा कंट्रोलर घेणारच असेल, तर त्याने आधी विक्रेत्याकडे पाठीमागच्या बाजूचा फोटो मागावा. स्क्रू दिसले नाहीत तर ते कुठे आहेत, असं विचारावं. काही ठिकाणी लेबलाखाली असतात, तर तसं सांगू दे. दांडा हॉल सेन्सरचा आहे का आणि वर रबरी लेप तर नाही ना, हेही विचारून घ्यावं. जो हे प्रश्न ऐकून चिडेल, त्याच्याकडून कॅलेंडरसुद्धा घेऊ नये.

आपली नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

(नाव छापू नये, ही विनंती. सोसायटीतल्या पोरांचे रिमोट आधीच फुकटात करून देते. त्यांच्या मावसभावांचेही येऊ लागले आहेत.)