नरक्याचा काढा आणि तुझी प्लेट

नंदुरबार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कर्करोगाच्या पेशींवर तुझं संयुग तपासलेल्या तुझ्या प्लेटचा फोटो मिळाला. जिवंत पेशी एमटीटी या रंगद्रव्याचा पिवळा रंग जांभळा करतात, आणि तुझं संयुग घातलेल्या रांगा फिक्याच राहिल्या, म्हणजे तिथल्या पेशी बहुधा मेल्या. फार आनंद झाला गं. आईने तर लगेच गल्लीत सांगितलं. संध्याकाळी शेजारचे अण्णा आले, म्हणाले, "बहिणीला नरक्याचा काढा देऊ का? मुक्ताचं औषध त्यातलंच ना?"

मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. तूही कोणी विचारलं तर असंच ठामपणे सांग. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडांची आधीच चोरून तोड होते, आणि त्याच्या काढ्याने कर्करोग बरा होत नाही.

१९६६ साली रसायनशास्त्रज्ञ वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वेगळं काढलं; तेच आपल्या नरक्यातही असतं. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षारात रेणूतलं लॅक्टोन नावाचं वलय उघडतं आणि रेणूचा जोर जातो. मूत्राशयातल्या आम्लात ते पुन्हा मिटतं आणि जोर परत येतो. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत नेमके बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली, त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली. मधली ३० वर्षं विसरू नकोस. तुझं काम त्याच वाटेवरचं आहे, म्हणून मला त्याचं इतकं अप्रूप.

काकूला आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅनच दिलं होतं. गाठ आटली, पण जुलाबांनी ती अंथरुणाला खिळली होती, तू पाहिलंस. निरोगी आतड्यालाही ते सोडत नाही. म्हणून सांगतो, कर्करोगाच्या पेशींशेजारी निरोगी पेशींचीही प्लेट लाव आणि दोन्हींचे आयसी ५०, म्हणजे पेशी निम्म्यावर आणणारी मात्रा, शेजारी शेजारी मांड. पेशी न घालता नुसतं संयुग आणि एमटीटी असलेले प्लेटमधले खळगेही ठेव. काही वनस्पतिज संयुगं स्वतःच रंग बदलतात आणि रीडिंग फसवं येतं. मॅडमनी सांगितलंच असेल, तरी बापाला राहवत नाही.

अण्णांच्या बहिणीचे रिपोर्ट मी मागवलेत, सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे नेतोय. रविवारी तू अण्णांना फोन कर आणि काढ्याचं नीट समजावून सांग. तुझं ते ऐकतील.

तुझा,
बाबा