नावं विचारायची राहून गेली

माझ्या सहावीतल्या लेकाचा पाणी भरलेल्या सिरिंजांवर चालणारा पुठ्ठ्याचा जेसीबी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मूठभर माती उचलून गेला. ज्यांच्यामुळे हे झालं, त्यांचे मनापासून आभार.

वाई स्टँडजवळचे मेडिकलवाले दादा, शटर अर्धं ओढून झालं होतं, तरी तुम्ही ८ सिरिंजा शोधल्यात, सगळ्या सुया काढून ठेवल्यात आणि सलाईनची नळीही दिलीत.

आणि गॅरेजवाले काका! आदल्या संध्याकाळी दांडा दाबला तरी बकेट जागची हलेना. पोर रडकुंडीला आलेलं. तुम्ही हातातलं काम सोडून नळी उजेडात धरलीत आणि म्हणालात, "एअर धरलीय बाळा, ब्रेकला धरते तशी." हवा दाबली जाते, पाणी जात नाही, म्हणून जोर मधल्या बुडबुड्यातच जिरत होता. मग बादलीत सिरिंज पूर्ण बुडवून, नळीवर टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर आणून काढलात. दुसऱ्या नळीला हात न लावता म्हणालात, "आता तू कर." बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम त्याने पाठ केला होता, तो कळला मात्र त्या बादलीपाशी.

एसटीच्या गर्दीत खोकं मांडीवर घेऊन बसलेल्या आजी, तुमच्या लुगड्यावर लाल पाणी सांडलं. तुम्ही रागावला तर नाहीतच, उलट निसटलेली नळी उतरेपर्यंत बोटाने दाबून धरलीत.

काका, रविवारी तो जेसीबी घेऊन गॅरेजवर येतोय.