लिझ्यूहून पत्र

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावी जाऊन संत तेरेझा या ख्रिस्ती जोगिणीचं लहानपणीचं घर पाहून आले. (कोलकात्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच.) विटांचं, बागेतलं, खाऊनपिऊन सुखी माणसाचं घर आहे. तेरेझाची आई १८७७ मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा ही साडेचार वर्षांची. त्याच वर्षी वडील लुई मार्टिन पाचही मुलींना घेऊन इथे आले.

खाली जेवणघर, वर झोपायच्या खोल्या, तेरेझाची खेळणी काचेआड. लोक रेंगाळतात ते जिन्यापाशी. १८८६ च्या नाताळात, मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून परतल्यावर, चुलाण्यापाशी तिच्या बुटांत, लहान मुलांसाठी ठेवतात तशा, भेटी ठेवलेल्या होत्या. दमलेले वडील पुटपुटले, ‘बरं झालं, हे शेवटचंच वर्ष.’ जिना चढताना तिने ते ऐकलं, आसवं गिळली आणि खाली येऊन हसत भेटी उघडल्या. सगळे तिचं कौतुक करतात. मला मात्र वडिलांचंच पटलं! चौदाव्या वर्षाला टेकलेल्या मुलीचे लाड किती पुरवायचे?

मागच्या बागेत बापलेकीचा पांढरा पुतळा आहे. १८८७ च्या मे महिन्यात तिने इथेच जोगीण होऊन मठात जायची परवानगी मागितली. दोघी थोरल्या आधीच मठात गेलेल्या, आणि वडील नुकतेच अर्धांगवायूच्या झटक्यातून उठलेले. तरी ते हो म्हणाले. भिंतीवरचं एक पांढरं फुलझाड मुळासकट उपटून त्यांनी तिच्या हातात दिलं. बाबा, मी परदेशी निघाले तेव्हा तुम्हीही फक्त ‘जा’ म्हणालात. ते तुम्हाला किती जड गेलं असेल, हे त्या पुतळ्यासमोर उभी राहिल्यावर मला कळलं.

१८८८ मध्ये ती मठात गेली. पुढच्याच वर्षी वडिलांचं मन ढासळलं आणि त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. मठाचे नियम असे की तिला तिकडे जाता येईना. १८९२ मध्ये ते घरी परतले आणि एकदा मठात तिला भेटून गेले. तीच शेवटची भेट. १८९४ मध्ये ते वारले. २०१५ मध्ये त्या नवरा-बायकोलाही एकत्र संतपद मिळालं, पण माझं मन त्या भेटीपाशीच अडकलंय.

मला कुठल्या मठाचा नियम आड येत नाही. तेव्हा आई, ‘सगळं ठीक आहे’ हे पालुपद आता पुरे. बाबांच्या तपासणीत काय निघालं ते रविवारच्या फोनवर सरळ सांग. बाबा, तुम्ही मागून तिला खुणा करू नका. रजेचा अर्ज मी देऊन ठेवलाय.

तुमची,
धाकटी