समुद्रातला गोंगाट अटळ नाही

रविवारच्या पुरवणीतील देवमाशांच्या संवादावरचा लेख माहितीपूर्ण होता. मात्र जहाजांचा गोंगाट ही प्रगतीची अटळ किंमत आहे, हे त्यातले विधान पटले नाही. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाल्यावर कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजवाहतूक काही दिवस रोडावली. पाण्यातला आवाज सहा डेसिबलने उतरला आणि तिथल्या ‘राइट’ जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाणही घटलेले आढळले. (विष्ठेचे नमुने संशोधक आधीपासून गोळा करत होते, म्हणून हे कळू शकले.) समुद्रात गेलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे राहते, आवाज मात्र जहाज दूर जाताच ओसरतो. पाण्यात नजर फार लांब पोहोचत नाही. देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः हाकेवर, आणि गोंगाटात ती हाकच बुडते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये जहाजांचा आवाज कमी करण्यासाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या ऐच्छिक आहेत. त्या बंधनकारक होईपर्यंत थांबू नये. कोकण किनाऱ्यालगत जिथे डॉल्फिनचे कळप नेहमी दिसतात, तिथे तरी यांत्रिक बोटींच्या वेगावर सरकारने आताच मर्यादा घालावी.

– एक वाचक, मालवण